टिचकी

त्या दिवशी मिरजेत धुकं असं दाटलं होतं, की साडेनऊ वाजले तरी गल्लीतलं समोरचं दार दिसेना. नदीकडून आलेला तो ओलावा भिंतींवर, तारांवर, माणसांच्या मिशांवरसुद्धा बसला होता.

"...पण चाचा, मला एवढंच सांगा, ह्याला काय छंद म्हणायचं?"

मगदूम सर उंबऱ्यातूनच बोलत आत आले. राहायचे शेजारच्याच घरात. वीस वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि आवाज असा खणखणीत, की मागच्या बाकावर पेंगणारं पोर दचकून उठावं.

दस्तगीरचाचा पोत्यावर बसले होते. तंबोरे करता करता म्हातारा झालेला माणूस. धुक्यात लाकूड चिकटवायचा सरस वाळत नाही, म्हणून आज हात रिकामे. डोक्यावर आढ्याला वाळके भोपळे टांगलेले, वीस-पंचवीस तरी.

"बसा मास्तर. कशाला छंद म्हणायचं?"

चाचा सरांच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिले. असं मन लावून ऐकणारा माणूस अख्ख्या गल्लीत नाही, असं सरांना नेहमी वाटायचं.

"तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे. मी म्हटलं, पुस्तकातलं नको, ज्यानं त्यानं आपल्या छंदातून प्रयोग निवडायचा. पोरं खूश! क्रिकेटवाल्यानं चेंडूची उसळी घेतली. सायकलवाल्यानं ब्रेक घेतला. आणि ती कोमल ऐवळे... काय लिहावं तिनं?"

"काय?"

"छंद : भोपळ्यावर टिचक्या मारणे. प्रयोग : कुठला भोपळा काय बोलतो."

चाचा हसले. दोनच दात, पण पोटभर हसले.

"हसू नका चाचा. पोरंही अशीच हसली. मला वाटलं, पोरगी माझी थट्टा करतेय. कागद फाडला मी, तिथल्या तिथं."

चाचांचं हसू थांबलं.

"...मग?"

"मग काय! तुकडे गोळा केले तिनं. तीन दिवस झाले, शाळेत नाही. उद्या यादी पुढं जायची. तुमच्याकडं येते ना ती संध्याकाळची? तुम्ही समजवा. लंबक कर म्हणावं. सोपा आहे, मार्कही मिळतील."

"इथंही नाही आली," चाचा म्हणाले. "तीन दिवस."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. चाचांनी तिकडं मानसुद्धा वळवली नाही.

मग गुडघ्यावर हात देऊन ते उठले. कोपऱ्यातले दोन भोपळे आणून त्यांनी सरांच्या पुढ्यात ठेवले. दोन्ही सारखेच गोल, सारखेच पिवळे, जणू जुळे भाऊ.

"मास्तर, तंबोऱ्याला ह्यातला कुठला घेऊ?"

सर खुलले. असला प्रश्न म्हणजे त्यांच्या घरचा. त्यांनी सुतळी मागून घेतली, दोघांचा घेर मोजला. एकेक हातात घेऊन वजन तोललं. देठाकडून बघितलं, उजेडाकडं धरून बघितलं.

"हा." त्यांनी उजवीकडचा थोपटला. "आकार एकदम नेटका. जडही आहे, म्हणजे कवच जाड."

"बघा हं... पक्कं?"

"वीस वर्षं काय गवत उपटलं का मी चाचा? पक्कं."

चाचांनी तो भोपळा उलटा केला. बुडाला खडूची एक बारीकशी फुली होती.

सरांना काही कळायच्या आत त्यांनी त्या फुलीवर अंगठा टेकला आणि हलकेच दाबला.

अंगठा आरपार आत गेला.

कवच पापडासारखं मोडलं. आतून किडीनं पाडलेला भुसा भसाभसा सरांच्या मांडीवर सांडला. आतली दोन-चार मातीची ढेकळंही पडली; वजन व्हावं म्हणून विकणाऱ्यानं देठातून भरली असावीत.

सर ताडकन मागं सरकले. मांडीवरचा भुसा त्यांनी चिमटीत धरून बघितला.

"कमाल आहे... चाचा, हा कान आहे का काय तुमचा! उगाच नाही लोक पुण्याहून येत. आमच्या घरचा तंबोरा घ्या. पहाटे ही गायला बसते, तर घरातली भांडीसुद्धा..."

"तुमच्या तंबोऱ्याचा भोपळा पण तिनंच निवडलाय."

"कुणी?"

"कोमलनं. टिचकी मारते, कान लावते. सडका असला तर फुली मारते."

"आणि तुम्ही?" सरांचा आवाज आपोआप खाली आला.

चाचा भोपळ्यातला उरलासुरला भुसा झाडत होते. सरांनी प्रश्न पुन्हा केला, तोही पहिल्याइतकाच हळू. चाचा भुसाच झाडत राहिले.

तेव्हा सरांना सायकलची घंटी आठवली.

त्यांनी चाचांच्या हाताला हात लावला. चाचांनी वर बघितलं, नेहमीसारखं, थेट तोंडाकडं.

"दोन वर्षं झाली, मास्तर. बारीक आवाज गेले. गल्लीत कुणाला सांगू नका, तंबोरेवाल्याचा कान गेला म्हटलं तर कोण येईल हो? तुमचा आवाज मोठा, म्हणून तुमचं कळतं. बाकीच्यांचे ओठ बघतो."

पहाटेपहाटे डोळे मिटून ज्या सुराला ते दाद देत होते, तो सूर त्यांनीच फाडलेल्या कागदावर लिहिलेला होता.

त्यांनी वर बघितलं. आढ्याला टांगलेले ते वीस-पंचवीस भोपळे. एकाच्याही बुडाला फुली नव्हती.

"ह्यातले चांगले कुठले?"

"कुणास ठाऊक! तीन दिवस तसेच लटकलेत."

सर उभे राहिले. मांडी झाडली. दारापर्यंत गेले. बाहेर धुकं तसंच होतं. ऐवळ्यांचं घर गल्लीच्या पार टोकाला.

उंबऱ्यात ते वळले आणि मान खाली घालून, अगदी पुटपुटत म्हणाले,

"चुकलं माझं."

चाचांनी कानामागं हात धरला.

"मोठ्यानं म्हणा, मास्तर. कागद फाडला, तो तर सगळ्या वर्गाला ऐकू गेला होता."