सहा उल्लेखांचा निबंध

कर्करोगावरच्या औषधांच्या शोधात ज्यांचं अवघं आयुष्य गेलं, असे एक वृद्ध संशोधक एका शहरात राहत होते. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. त्यांचे एकशेचाळीस शोधनिबंध जगभर वाचले जात, आणि त्यांतल्या एकाचा तर चार हजार जणांनी आपापल्या लेखनात उल्लेख केला होता. चार हजार! अहो, घरच्या लग्नाच्या पत्रिका तरी आपण इतक्या वाटतो का?

हेमांगी ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. हुशार, कष्टाळू, आणि त्या दिवसांत फार बेचैन. तिने तयार केलेल्या औषधाने उंदरांच्या गाठी विरत होत्या. पहिल्या खेपेला विरल्या, दुसऱ्या खेपेला विरल्या. तिसऱ्या खेपेलाही विरल्या, पण त्या खेपेच्या उंदरांची मूत्रपिंडं निकामी झाली. 'पिंजऱ्यातल्या पाण्यातच काहीतरी दोष असणार,' अशी तिने मनाची समजूत घातली आणि तिसरी खेप निबंधातून चक्क गाळून टाकली. सरांपाशीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. निबंध सोमवारी पाठवायचा होता. तो छापून आला की नोकरी पक्की होती, आणि आई रोज फोनवर विचारत होती, "झालं का गं तुझं ते?"

त्याच आठवड्यात, शनिवारी, सरांचा पंचाहत्तरीचा सत्कार होता. सभागृहाबाहेर त्यांच्या निबंधांचा फलक सजवायचं काम हेमांगीकडे आलं. चार हजार उल्लेखांचा निबंध तिने ऐन मध्यभागी, मोठ्या चौकटीत लावला. सर वेळेआधीच आले. त्यांनी चष्मा पुसला, फलक नीट न्याहाळला आणि म्हणाले, "छान केलंयस गं. फक्त हा मधला काढून कडेला लाव. इथे हा लाव."

त्यांनी पिशवीतून तीन पिवळी पडलेली पानं काढली. तीस वर्षांपूर्वीचा निबंध! हेमांगीने यादी करताना तो पाहिला होता. त्याचे उल्लेख होते उणेपुरे सहा.

"अहो सर, असं काय करता? पाहुणे तोच बघायला येणार आहेत."

"बघू देत की. कडेलाच ठेवतोय, लपवतोय थोडाच?"

हेमांगी हिरमुसली. तरीही तिने पानं हातात घेतली आणि वाचली. सरांनीच शोधलेल्या एका औषधाने प्राण्यांच्या हृदयाला इजा होते, एवढंच त्यात सांगितलेलं होतं.

"सर, हे छापताना वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की! पाच वर्षांची मेहनत होती. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही." सर खुर्चीवर टेकले. "हे बघ, तो चार हजारांचा पेपर मी लिहिला नसता, तर सहा महिन्यांत दुसऱ्या कोणीतरी लिहिला असता. चार प्रयोगशाळा त्याच शोधाच्या मागे लागल्या होत्या. ही तीन पानं मात्र दुसऱ्या कोणीच लिहिली नसती. ज्या सहा जणांनी यांचा उल्लेख केला, त्यांतल्या एकाकडे तेच औषध चाळीस रुग्णांना द्यायची तयारी झाली होती. परवानगीसुद्धा मिळाली होती. त्याने हे वाचलं आणि काम थांबवलं. त्या चाळीस जणांना माझं नाव ठाऊक नाही. ज्यांना काही झालंच नाही, ते आभार मानायला कसे येतील, पोरी? पण मला ते आठवतात, आणि बरं वाटतं."

हेमांगीचा चेहरा उतरला. बाहेर पाहुण्यांची गाडी येऊन थांबली होती.

"सर," ती घाईघाईने म्हणाली, "माझी एक तिसरी खेप आहे." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "मग सोमवारी पाठवू नकोस. पाणी बदल आणि पुन्हा करून बघ."

"आणि नोकरी?"

"ती लांबेल बहुतेक," सर म्हणाले. खोटा धीर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग काठी टेकत ते पाहुण्यांना सामोरे गेले. मधली चौकट हेमांगीने स्वतःच्या हातांनी बदलली.

चौथ्या खेपेतही तेच झालं; दोष पाण्याचा नव्हता. निबंध वर्षभराने छापून आला, चारही खेपांसकट. नोकरीही लागली, पण उशिराने आणि लहानशा संस्थेत. आईने आधी कपाळाला हात लावला, मग पेढे वाटले. आता हेमांगीच्या हाताखाली दोन विद्यार्थी आहेत. त्यांतल्या एकीने परवा चहाच्या वेळी भीतभीत विचारलं, "मॅडम, तुमच्या त्या पेपरचे उल्लेख किती झाले?"

"एकही नाही," हेमांगी हसत म्हणाली. "पण ते औषधही पुढे कोणी कुणाला दिल्याचं ऐकलं नाही." आणि तिने समाधानाने चहाचा घोट घेतला.