ढोलवाला आणि उरलेलं अर्धं वाक्य

फार लांब, आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका भल्यामोठ्या सरोवराच्या काठी एक गाव होतं. त्या गावात एक ढोलवाला होता. पोट ढोलाएवढं आणि आवाज पोटाहून मोठा. त्याची बायको म्हणायची, हा माणूस घोरला तरी पलीकडच्या काठावरनं लोक ओ देतात.

गावात वाचता येणारे थोडेच. म्हणून माणसाला काय काय हक्क असतात ते समजावून सांगायचं काम शहरातल्या कचेरीनं या ढोलवाल्याला दिलेलं. त्याची पद्धत मजेशीर होती. अर्धं वाक्य तो बोलायचा, उरलेलं गावानं पुरं करायचं.

"कुणावर आळ आला तर?" थाप मारून तो विचारायचा.

"आधी त्याचं ऐकून घ्या," सगळं गाव ओरडायचं. शेंबडी पोरंसुद्धा.

ढोलवाल्याला वाटायचं, झालं, गाव शहाणं झालं. पण ते उरलेलं अर्धं आपण स्वतः कधी तोंडातनं काढलंच नाही, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

गावची आणखी एक रीत होती. ढोलवाल्यानं चुकीची दवंडी दिली, तर त्यानंच परत त्याच दारांवरनं फिरून ती मागं घ्यायची. आजवर तशी पाळी आली नव्हती, म्हणून गडी जरा फुगलेलाच असायचा.

एके दिवशी कचेरीतल्या मोठ्या बाई त्याचं काम बघायला येणार होत्या. ढोलवाल्यानं आंघोळ केली, नवा सदरा चढवला, आणि बघतो तर खुंटीवर ढोल नाही. बायको पहाटेच होडीनं बाजाराला गेलेली. विचारायचं कुणाला? शेजारी म्हणाला, पहाटे तमांडा तुझ्या अंगणातनं काहीतरी मोठं गाठोडं घेऊन जाताना दिसली.

तमांडा सरोवरापलीकडून आलेली बाई. एकटी राहायची, मासे धुरावर वाळवून विकायची. तिचं बोलणं जरा वेगळं, म्हणून पोरं तिची नक्कल करायची आणि मोठी माणसं पोरांना रागवायच्या ऐवजी खिदळायची.

ढोलवाल्याचं डोकं फिरलं. त्यानं रॉकेलचा रिकामा डबा उचलला आणि बडवत दारोदार सुटला. तमांडानं ढोल चोरला, तिचे मासे कुणी घेऊ नका, तिला पाणवठ्यावर येऊ देऊ नका. रोज ढोलाला ओ देणारं गाव आज डब्यामागं निघालं.

काजळीनं माखलेल्या हातांनी तमांडा दारात आली. "भाऊ, माझं जरा ऐका."

ढोलवाल्यानं डबा वाजवला. तिनं परत तोंड उघडलं, त्यानं आणखी जोरात वाजवला. लोकांना गंमत वाटली, कुणी टाळ्यांचा ठेका धरला. तिचे ओठ हलताना सगळ्यांना दिसत होते, ऐकू कुणालाच येत नव्हतं. मग कुणीतरी मासे वाळत घातलेल्या बांबूच्या मांडवाला लाथ घातली. मासे वाळूत पडले, कुत्र्यांची चंगळ झाली. आत शिरून ढोल शोधावा एवढंसुद्धा कुणाला सुचलं नाही, सगळे मासे तुडवण्यात दंग. तमांडा बोलायची थांबली.

दुपारी होडी लागली. बायको डोक्यावरची टोपली उतरवत म्हणाली, "अहो, तमांडाकडनं ढोल आणला का?"

"तमांडाकडनं?" डबा काखेत धरत ढोलवाल्यानं विचारलं.

"रात्री तुम्हीच कुरकुरत होता ना, दमट हवेनं चामडं सैल पडलंय, ढोल भदाभदा वाजतोय म्हणून? मीच दिला तिच्या भट्टीच्या उबेला ठेवायला. ती म्हणाली, बाईंसमोर खणखणीत वाजेल असा करून देते."

ढोलवाल्याला वाटलं, सरोवरानं आपल्याला गिळून टाकावं. पण सरोवर कशाला कुणाला गिळतंय, ते आपलं शांत पडलेलं. तेवढ्यात बाईंची गाडी आली. ढोल झुडपात सापडला असं ठोकून दिलं असतं, तर बायको आणि तमांडा सोडून कुणाला पत्ता लागला नसता. थाप त्याच्या जिभेवर आलीसुद्धा. मग त्याला ते हलणारे ओठ आठवले.

"कार्यक्रम कधी सुरू करताय?" बाईंनी विचारलं.

"बाई, आज माझंच वाक्य परत घ्यायचंय," तो म्हणाला, आणि चालू लागला.

प्रत्येक दारात उभं राहून तो सांगायचा, माझी दवंडी खोटी होती, तमांडानं चोरी केली नाही. आणि मग सवयीनं विचारायचा, "कुणावर आळ आला तर?"

लोक खाली बघत. एकाच्या टाचेला अजून माशाचं खवलं चिकटलेलं होतं, ते तो दुसऱ्या पायानं झाकत होता.

शेवटचं दार तमांडाचं. ती वाळूतले मासे वेचून धूत होती. ढोलवाल्यानं तिथंही विचारलं, पण आवाज पार बसलेला. "कुणावर आळ आला तर?"

तमांडानं मान वर केली नाही. "पुढचं तुम्ही बोला. रोज आम्हीच बोलतो."

मागं गाव उभं, शहरातल्या बाई उभ्या. सगळ्या गावाला पाठ असलेले ते चार शब्द त्याला जड गेले.

"आधी त्याचं ऐकून घ्या," तो कसाबसा म्हणाला.

"मग बसा खाली."

तो वाळूत बसला, नव्या सदऱ्यासकट. मांडीवरचा डबा त्यानं बाजूला ठेवला.

तमांडा म्हणाली, "तुम्ही डबा बडवत होता ना, तेव्हा मी एवढंच सांगत होते. चामडं मस्त ताणलंय. भट्टीवरनं उचलताना जपा, भाऊ, हात भाजेल."

त्या दिवशी गावात ढोल वाजला नाही. लोक एकेक करून पुढं आले आणि मासे वेचायला बसले. पण तमांडानं कुणाकडं बघितलं नाही, आणि बघ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

तात्पर्य: दुसऱ्याचा हक्क तोंडपाठ करणं सोपं असतं, पण आपला ढोल हरवतो, तेव्हा डबा खाली ठेवता आला तरच तो खरा शिकलो म्हणायचं.