उंबराचं वळण

"पण बाबा, धडधड होते ती अठराव्या किलोमीटरनंतरच का? आधी का नाही?"

विलास माळवदेने विचारलं आणि कपाळावरचा घाम पुसला. सकाळचे नऊ वाजले होते, डोंगरावर गार वारा होता आणि तो पळतही नव्हता. मठाच्या ओट्यावर नुसता बसला होता.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गोसावी सोमगीरबाबा शेळीचं दूध चरवीत गाळत होते. कुणी काही विचारलं की आधी हातातलं काम संपवायचं, ही त्यांची जुनी खोड.

"पाच किलोमीटरला काही होत नाही," विलास म्हणाला. "दहालाही नाही. एकवीस धरलं की..."

"मग एकवीस सोड."

"तसं कसं सोडणार?"

बाबांनी मान डोलावली. तसं कसं सोडणार, हे त्यांनाही पटलेलं दिसलं.

विलासचं करंजगावात चष्म्याचं दुकान होतं. एक्केचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि हा गडी पळायलाच लागला. पाच वर्षांत त्याला दुसरं काही सुचेनासं झालं. घरच्या कपाटाच्या दाराला आतून, बायकोच्या साड्यांसमोर, त्याने आपल्या सगळ्यात चांगल्या वेळा मार्करने लिहून ठेवल्या होत्या. पाच किलोमीटर, पंचवीस मिनिटं चाळीस सेकंद. दहा किलोमीटर, त्रेपन्न मिनिटं दहा सेकंद. या दोन ओळी खोडून खोडून सुधारलेल्या होत्या. तिसरी मात्र एकदाच लिहिलेली होती. एकवीस किलोमीटर, एक तास एकोणसाठ मिनिटं चौदा सेकंद.

दोन तासांच्या आत एकवीस पळणारे करंजगावच्या धावपटू मंडळात तिघेच होते. विलास तिसरा. त्याचं प्रमाणपत्र दुकानात चौकटीत लावलेलं होतं, डोळे तपासायच्या तक्त्याच्या अगदी शेजारी. गिऱ्हाईक तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ वाचता वाचता प्रमाणपत्रच वाचून टाकायचं आणि म्हणायचं, वा, माळवदे.

पहिले काही दिवस त्याला ते बरं वाटलं. मग तो गिऱ्हाइकाला प्रमाणपत्र नजरेआड राहील असं तिरकं बसवायला लागला.

"इसीजी काढलास?" बाबांनी विचारलं.

"दोनदा. काही नाही त्यात."

"मग माझ्याकडे काय आहे म्हणून आलास?"

विलासने खाली रस्त्याकडे पाहिलं. मठाच्या दारातल्या उंबरापासून दीडशे मीटर खाली रस्ता वळत होता. त्या वळणावर शेडगे सर उकिडवे बसून डांबरावर पांढऱ्या रंगाने बाण काढत होते. सर शाळेत पी.टी. शिकवायचे आणि मंडळाचे सेक्रेटरी होते. येत्या रविवारी मंडळाची वार्षिक शर्यत होती, करंजगावातून निघून मठापर्यंत आणि परत. सर बाण काढायला स्कूटरवरून निघाले तेव्हा विलास मागे बसून आला होता. बाबांचं दर्शन घेतो, एवढंच त्याने सांगितलं होतं.

"अंगारा द्या," तो म्हणाला. "रविवारपुरता."

"रविवारी काय?"

विलासने ते सांगितलं, पण घाईघाईने, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट असावी. शर्यतीत एकेका वेळेचा झेंडा असतो. ज्याच्या पाठीला 'दोन तास' असा झेंडा, त्याने बरोब्बर दोन तासांत पोचायचं. ज्यांना तेवढ्या वेळात पोचायचं असतं ते त्याच्या मागे लागतात, स्वतःचं घड्याळसुद्धा बघत नाहीत. दोन तासांच्या आतल्या तिघांपैकी एकाची नांदेडला बदली झाली होती आणि दुसऱ्याचा गुडघा गेला होता. त्यामुळे झेंडा विलासकडे आला होता. मागे पळायला अठ्ठावीस जणांनी नावं दिली होती. त्यांत शेडगे सरांची बायको होती. तीन वर्षं ती दोन तासांसाठी जिवाचं रान करत होती.

"मग चांगलं आहे की," बाबा म्हणाले. "मान मिळाला."

"हो... मान."

एवढं बोलून विलास ओट्यावर मागे सरकला. कारण त्याच वेळी बाबांनी चरवीच्या तोंडावर फडकं घातलं आणि ते निसटू नये म्हणून त्यावर एक रबर चढवलं. मनगटात घालतात तसलं, तांबडं.

त्या रबराची गोष्ट करंजगावात सगळ्यांना माहीत होती. शर्यतीच्या दिवशी बाबा उंबरापाशी तांबडी रबरं घेऊन उभे राहायचे. जो उंबराला वळसा घालेल त्याच्या मनगटात रबर चढवायचे, म्हणजे हा इथपर्यंत येऊन वळला याची खूण झाली. आणि रबर चढवताना त्याच्या कानात काहीतरी बोलायचे. काय बोलले ते कुणी कुणाला सांगायचं नाही, असा रिवाज पडला होता. शर्यतीनंतर पोहे खाताना एकमेकांना विचारायचं, बाबा काय म्हणाले, आणि नुसतं हसायचं.

विलासही हसला होता. वर्षभर हसत होता.

आता त्याला त्या रबरावरून नजर काढता येईना. फडक्याभोवती ते घट्ट बसलं होतं. बाबांनी मुद्दाम आज, मुद्दाम त्याच्यासमोर ते काढलं असणार, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. छाती धडधडायला लागली, अठरा किलोमीटर न पळताच.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

बाबांनी वर पाहिलं.

"गेल्या वर्षीपासूनच ना?"

बाबांनी चरवी सावलीत सरकवून ठेवली आणि ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

मग विलासने सगळं ओकलं. गेल्या वर्षी तो खालच्या वळणापर्यंत आला तेव्हा ठरलेल्या वेळेच्या मिनिटभर मागे होता. वळणावर पाण्याचं टेबल होतं. डोळे घड्याळात, हातात पेला, आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने माणसं खाली उतरत होती. त्याने पेला फेकला आणि त्यांच्यात मिसळून खाली पळायला लागला. वळायचं ते इथेच, असं त्याला देवाशपथ वाटलं होतं. वीसेक पावलं गेल्यावर शेजारच्या माणसाचा हात दिसला. त्याच्या मनगटात तांबडं रबर होतं. पुढच्याच्याही होतं. सगळ्यांच्याच होतं.

"तिथून मागे फिरता आलं असतं," विलास म्हणाला. "वीस पावलं तर होती."

"मग?"

"नाही फिरलो."

खालून स्कूटरच्या डिकीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. विलास दचकला. सर दुसरा ब्रश काढत होते.

शेवटच्या रेषेवर कुणी रबर बघितलंच नाही, त्याने सांगितलं. आता आवाज त्याने खाली आणला होता. लोकांनी उचलून घेतलं, फोटो काढले. मनगटावरच्या घड्याळात एकवीसच्या जागी वीस पूर्णांक सात किलोमीटर आले होते. कुणी विचारलं की तो म्हणायचा, घाटात घड्याळ गंडलं. मग एके दिवशी त्याने ती नोंदच पुसली.

"राहिलं किती?"

"दीडशे मीटर वर, दीडशे खाली. माझ्या वेगाने एक मिनिट बेचाळीस सेकंद."

"ती धरली तर?"

"दोन तास आणि छप्पन सेकंद." हा हिशेब त्याने इतक्यांदा केला होता की आकडा जिभेवरच होता.

त्यानंतर तो चार गावांत चार वेळा एकवीस पळला होता. एकदा खरोखर दोन तासांच्या आत आलो की ते खोटं आपोआप मिटेल, एवढाच त्याचा विचार होता. दोन तास एक मिनिट. दोन तास अठ्ठेचाळीस सेकंद. दोन तास तीन मिनिटं. चौथ्या वेळी अठराव्या किलोमीटरवर छातीत असं धडधडलं की तो रस्त्याच्या कडेला बसलाच. पाय ठणठणीत होते. एका बाईने त्याला पाणी पाजलं आणि म्हणाली, दादा, घरी जा. पहाटे चारला गजराच्या आधीच त्याला जाग यायची आणि पहिला विचार यायचा तो त्या वीस पावलांचा.

"बायकोला ठाऊक आहे?"

"कपाट तीच रोज उघडते. कसं सांगू?"

विलासला आता रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, आणि कशासाठी, तर छप्पन सेकंदांसाठी.

"शेडगे सरांना सांगू नका," तो म्हणाला.

"मी कशाला सांगू?"

"पण तुम्ही ओळखलंत कसं? रबरं मोजलीत?"

बाबा उठून आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकण उघडून त्यांनी तो विलासपुढे ठेवला. डबा तांबड्या रबरांनी गच्च भरलेला होता.

"दर वर्षी उरतात," बाबा म्हणाले. "कोण दमून बसतं, कोण टेम्पोत चढतं. मी कुणाकुणाची मोजू? चांगली असतात. दुधावरच्या फडक्याला बरी पडतात."

विलास डब्याकडे बघत राहिला.

"म्हणजे तुम्हाला..."

"आत्ता तूच सांगितलंस."

विलासला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. वर्षभर जिवापाड सांभाळलेली गोष्ट त्याने दुधाच्या चरवीपुढे कबूल केली होती. गंमत म्हणजे छातीतली धडधड जराशी उतरली होती. पण जराशीच.

"मग आता सांगा," तो अजिजीने म्हणाला. "रविवारी झेंडा घेऊ की नको? आजारी पडलो म्हणून सांगू? की अंगारा लावून एकदा शेवटचा जोर काढू? कदाचित होऊन जाईल दोनच्या आत. मग कुणाचंच नुकसान नाही..."

बाबांनी डबा बाजूला सारला. चरवीच्या फडक्यावरचं रबर काढलं. वाऱ्याने फडक्याचं टोक उडालं, तर त्यावर त्यांनी एक खडा ठेवला. मग पायांत खडावा चढवल्या, सावकाश अंगण ओलांडलं आणि शर्यतीच्या दिवशी उभे राहायचे तसे उंबरापाशी जाऊन उभे राहिले.

"खाली जा," ते म्हणाले. "वळलास तिथवर. आणि तिथून ये."

"आत्ता?"

बाबा रबर दोन बोटांत धरून उभे होते.

विलास उतरत गेला. अंगात इस्त्रीची पँट, पायांत सँडल. वळणावर शेडगे सरांनी मान वर केली. बाणाचं टोक तेवढं रंगवायचं राहिलं होतं.

"झालं का दर्शन?" सरांनी विचारलं.

"होतंय," विलास म्हणाला आणि उलटा फिरला.

गेल्या वर्षी पाण्याचं टेबल होतं ती जागा त्याने पाहिली. सवयीने बोट घड्याळाच्या बटणावर गेलं आणि त्याने ते दाबलं. मग तो चढ पळायला लागला. सँडल चटचट वाजत होत्या. हा दीडशे मीटरचा तुकडा त्याने कधी नीट पाहिलेलाच नव्हता, असं त्याच्या ध्यानात आलं. डाव्या हाताला घाणेरीचं एक झुडूप होतं आणि पुढे एक फुटका बांध. एवढंच होतं तिथे. वर्षभर झोप उडवायला एवढंच पुरलं होतं. चढ मात्र मनातल्यापेक्षा खडा निघाला आणि अर्ध्यावरच त्याला धाप लागली. तरी तो थांबला नाही. पाठीमागे सर उठून उभे राहिले असणार आणि हा काय करतोय म्हणून बघत असणार, हे त्याला न बघताही कळत होतं.

उंबराला वळसा घालून तो बाबांसमोर उभा राहिला. हात आपोआप पुढे गेला. घड्याळ थांबवायचं तो विसरला होता.

बाबांनी रबर ताणलं आणि त्याच्या मनगटावर चढवलं, घड्याळाच्या वर. रबराला दुधाचा वास येत होता.

विलासला ते घट्ट बसलेलं बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही.

"फिटलं का बाबा आता?" त्याने विचारलं. "झाली माझी शर्यत?"

खाली वळणावर शेडगे सर हातात ब्रश घेऊन वर बघत उभे होते.

बाबांनी विलासच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि कानाशी वाकून म्हणाले, "वळ. निम्मं झालं."