वाटीखालचा वार

"...म्हणजे चूक नक्की कुठली, सर? खोटं बोललो ती, की पकडला गेलो ती?"

निषाद हे विचारत होता तेव्हा ताम्हनकर सर शेंगदाणे सोलत होते. मिरजेतली पिठाच्या गिरणीवरची ही त्यांची खोली. सतरंजी, स्टीलची वाटी, आणि वीस बाजूंचा एक झिजलेला फासा. दर रविवारी आम्ही इथे खेळतो. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. लढाई आली की फासा टाकायचा, आणि पडेल त्यावरून नियम सांगतो कोण वाचलं.

निषाद इथेच शिकला. मग स्वतःचा अड्डा काढून सूत्रधार झाला, आणि जरा जास्तच झाला. नियमांचं पुस्तक तोंडपाठ. आम्हाला भेटला की आमच्याच चुका काढायचा. आज मात्र चेहरा पार उतरला होता.

"नीट सांग," सर म्हणाले.

"आधी मी नियमाने चालवायचो. माझ्या अड्ड्यातल्या परागचा सेनापती एका भुरट्या चोराच्या बाणाने गेला, तोंडातून शब्द निघायच्या आत. फासाच तसा पडला. पराग तेव्हापासून नुसता मोबाईल बघत बसतो."

"मग?"

"मग ठरवलं, गोष्ट महत्त्वाची. मृण्मयीची केवडा... नावाडीण आहे, भाला घेऊन लढते. सगळा अड्डा तिच्यावर जीव टाकतो. तिच्यावर वार आला. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला. एकोणीस पडले. नियमाने वार वर्मी बसला, केवडा संपली होती. मी म्हटलं, वार चुकला."

"आणि?"

"मृण्मयी चिवडा घ्यायला वाकली... आणि तिने फासा बघितला."

सरांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला.

"ती काय म्हणाली?"

मृण्मयी निषादची शाळेपासूनची मैत्रीण. ती उठली तर अड्डा उठणार, हे त्यालाही कळत होतं.

"म्हणाली, मग आजवर जिंकलेल्या लढायांपैकी माझी कुठली? उद्या एकदाच येणार आहे. तोच वार परत टाक म्हणते... सर, नियम धरला की माणसं दुखावतात. सोडला तरी दुखावतात. किती नियम आणि किती गोष्ट, ते एकदा सांगून टाका."

सरांनी वाटीतले शेंगदाणे कागदावर ओतले. फासा उचलला. वाटी खुळखुळवली आणि सतरंजीवर पालथी घातली.

"तू केवडा. नदी आहे. समोरून भाला येतोय. मागे कोण आहे?"

"सर, मी विचारतोय..."

"मागे कोण आहे?"

निषादने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार!

"पोरं आहेत. होडीत बसलेली."

"तू बाजूला झालीस तर?"

"पोरांना लागेल."

"मग?"

"...हलत नाही मी."

"बरं. काय पडलंय ते वाटीखाली आहे. उचल."

निषादने हात पुढे केला, आणि हात वाटीवरच थांबला. खालची गिरणी बंद झाली होती, त्यामुळे खोली फारच शांत वाटत होती.

"उचलायची नसेल तर नको उचलूस," सर म्हणाले. "मी म्हणतो वार चुकला. केवडा वाचली."

निषादने चटकन हात मागे घेतला आणि मोठा श्वास सोडला.

सर पुन्हा शेंगदाणे सोलू लागले.

"सर..."

"काय?"

"पण किती पडले होते?"

"वाचलीस ना?"

"वाचलो. पण..."

"पण काय?"

"मग मी हललो नाही, ते... ते कशाला?"

सरांनी सालं फुंकून उडवली.

निषादने झटक्यात वाटी उचलली.

खाली एक शेंगदाणा होता.

तो वाटीत बघत राहिला, मग सतरंजीवर, मग पुन्हा वाटीत. मला हसू येत होतं, पण त्याची अवस्था बघून हसवेना.

"फासा?"

सरांनी मूठ उघडली. फासा मुठीत होता.

"म्हणजे खाली काहीच नव्हतं?"

"शेंगदाणा होता." सरांनी तो उचलून खाऊन टाकला.

"मग मी घाबरलो कशाला?"

सरांनी उरलेली सालं एका बाजूला लोटली.

"म्हणजे फासा लागतच नाही? नुसती गोष्ट पुरते?"

"मग वाटी कशाला उचललीस?"

"म्हणजे... नियमच हवा."

"भ्यालास तेव्हा नियम कुठे होता?"

निषादने डोकं धरलं. त्याला सगळं पुस्तक तोंडपाठ होतं, आणि त्यातलं एकही पान या क्षणी त्याच्या कामाचं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही काही उमगलं नव्हतं. मला त्याची फार दया आली.

"सर, मी आलो होतो तेव्हा थोडं तरी कळत होतं. आता काहीच कळेना."

"हं."

"उद्या ती समोर बसेल. फासा टाकू कसा? आडोसा ठेवू की काढू? आणि पुन्हा एकोणीस पडले तर? तिची केवडा माझ्या हातून... तिला काय सांगू मी?"

सरांनी वाटी धोतराच्या सोग्याने पुसली. त्यात फासा टाकला आणि दोन्ही निषादच्या हातात दिली.

"तिच्या मागे कोण आहे ते विचार. मग तिची वाटी तिलाच उचलू दे."