लांबोडीच्या घरचा वाढदिवस

एक होती राक्षसीण. हो हो, राक्षसीणच. राजा कालच झाला ना? मग आज राजाला सुट्टी. नमे, पांघरूण एकटीच ओढू नकोस, शिऱ्यालाही दे थोडं. हं, आता ऐका.

तर या राक्षसिणीचं नाव होतं लांबोडी. उभी राहिली की ढग तिच्या कमरेला लागायचे, आणि बसली तरी ताडाच्या झाडाएवढी. राहायची कुठं? चिंचवळ गावाच्या वरच्या डोंगरावर. एकटी.

माणसं खायची का? छे रे बाबा! तिचा आजा खायचा म्हणे, कधीकाळी. ही बिचारी कंद उकडून खायची, मध खायची. पण गावाला कोण सांगणार? ती नुसती शिंकली तरी गावातली दारं धडाधड बंद व्हायची. मग ती शिंकायचीसुद्धा तोंडावर हात धरून. दिवसभर बसायची आणि खाली गावाकडं बघायची. कुणाकडं पाहुणे आले, कुणाची गाय व्याली, सगळं तिला ठाऊक. तिला मात्र कुणी ओळखत नव्हतं. कधी कधी ती खडकाशी बोलायची. खडक काय बोलणार, कपाळ?

एकदा काय झालं, थंडीचे दिवस होते, आणि आंब्याच्या झाडाखाली तिला एक तान्ही पोर सापडली. फडक्यात गुंडाळलेली, रडून रडून लाल झालेली. कुणी ठेवली, का ठेवली, ते मला विचारू नका. ठेवणाऱ्याला ठाऊक. लांबोडीनं तिला तळहातावर घेतलं, तर पोर तिच्या हातावर गुंजेच्या बीएवढी दिसायला लागली. म्हणून नाव ठेवलं गुंजा. पोर हसली, आणि लांबोडीचा जीव तिच्यात अडकला तो अडकलाच.

मग काय विचारता! लांबोडीनं केसांचा झोका केला, कानाच्या पाळीखाली तिला झोपवलं, अंगावरून वारा जाऊ दिला नाही. गुंजा बोलायला लागली तशी तिला ‘आये’ म्हणू लागली. एक वर्ष गेलं, दोन गेली, बघता बघता सहा वर्षं झाली.

एक दिवस गुंजा कड्यावर पोटावर पालथी पडून खाली बघत होती. पाटलांच्या अंगणात वाढदिवस होता. एक मुलगी पाटावर बसलेली, तिची आई तिला ओवाळतेय, आणि समोर ही एवढी पोरांची पंगत. सगळी खिदळतायत.

“आये, माझा वाढदिवस कधी असतो?”

लांबोडीनं बोटं मोजली. “येत्या पुनवेला. त्या दिवशी तू मला सापडलीस. सात वर्षं होतील.”

“मग माझ्या पंगतीला कोण येणार?”

लांबोडीनं तोंड फिरवलं. का, सांगू? तिला वाटलं, माणसं आली की पोर माणसं बघणार. माणसांच्या आया कशा असतात ते बघणार. मऊ हाताच्या, घरात मावणाऱ्या. मग ती माझ्यापाशी कशाला राहील? जाईल त्यांच्याबरोबर. आणि मी परत खडकाशी बोलत बसेन.

म्हणून ती म्हणाली, “आपल्याला कशाला हवी पंगत? आपण दोघीच गोड खाऊ.”

गुंजा शहाणी पोर, हट्ट केला नाही. पण दुसऱ्या दिवशी लांबोडी मध घेऊन परत आली, तर काय बघते? गुंजानं पानं मांडली होती ओळीनं. प्रत्येक पानासमोर एक धोंडा ठेवला होता. आणि ती धोंड्यांना विचारत होती, “तुला वाढू का अजून? लाजू नकोस हं.” मग स्वतःच आवाज बदलून म्हणायची, “नको नको, पोट भरलं.”

लांबोडीचं काळीज फाटलं बरं का. तिला सगळं आठवलं, आपण कसे खडकाशी बोलायचो ते. ती मनाशी म्हणाली, माझं काय व्हायचं ते होवो, पण माझी पोर धोंड्यांबरोबर जेवणार नाही.

आणि लागली की तयारीला! डोंगराच्या माथ्यावरची जागा तळहातानं सपाट केली. पळसाची पानं आणली, पत्रावळी लावल्या. तिच्या बोटांना त्या बारीक काड्या सापडायच्या नाहीत, मग गुंजा काड्या टोचायची आणि ती पानं धरायची. झाडाझाडांना फुलांच्या माळा बांधल्या. दगडाच्या मोठ्या खळग्यात वरीच्या तांदळाची खीर शिजवायची ठरवली, मध घालून. सगळं ठरलं. राहिलं काय? बोलावणं!

पुनवेला तीन दिवस उरले होते. लांबोडी कड्यावर उभी राहिली, छातीभर वारा घेतला आणि गावाकडं तोंड करून म्हणाली, “माझ्या गुंजाचा वाढदिवस आहे हो ऽ ऽ! सगळ्यांनी यायचं ऽ ऽ!”

तिला वाटलं, किती गोड बोलले मी. खाली काय ऐकू आलं? गडाड् गडगड धूम! बायका घराबाहेर धावल्या. “अगं बाई, अवकाळी आला!” वाळवणाचे पापड गोळा केले, गोवऱ्या झाकल्या, गुरं आत घेतली आणि दारं लावून बसल्या. एक थेंब पडला नाही. गावानं आभाळाला दोन शिव्या दिल्या, आणि विषय संपला.

लांबोडी दिवसभर वाट बघत बसली. कुणी आलं नाही, कुणी वर बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं डोकं चालवलं. इतकी वर्षं ती गाव बघत होती ना? तिनं एक पाहिलं होतं. ज्या दिवशी गावात कुणाकडं जेवणावळ असते, त्या दिवशी बाकी कुठल्याच कौलांतून धूर निघत नाही. एकाच घरातून धूर निघतो आणि सगळे तिकडं जेवायला जातात. मग ती म्हणाली, हात्तिच्या, एवढं सोपं! चुली विझल्या की माणसं जेवायला येतात. पंगतीच्या आधी विझवून ठेवाव्यात!

मग ती वाकली, आणि घातली एक फुंकर. फू ऽ ऽ ऽ!

आई गं! बावीस घरं चिंचवळची. बाविसांच्या बावीस चुली फस्सकन विझल्या. तव्यावरच्या भाकऱ्या उडाल्या, राख घरभर झाली. माणसं आतून बाहेर आली ती भुतासारखी पांढरी. पोरं भुकेनं रडायला लागली. पुन्हा पेटवावं तर विस्तव कुणाच्या घरात शिल्लक नाही. आता मात्र गावाला कळलं हे कुणाचं काम ते. बाप्ये कोयते घेऊन निघाले आणि डोंगराच्या पायथ्याशी जाऊन थांबले. तू पुढं हो, नाही तू पुढं हो. तिथंच तोंडचं पाणी पळालं सगळ्यांच्या.

वर चढली कोण? बाळाक्का. गावची सुईण होती ती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, ती कुणाला भिणार? डोक्यापासून पायापर्यंत राखेनं माखलेली, हातात काठी, धापा टाकत वर आली आणि जी सुरू झाली!

“अगं भवाने! पोरं उपाशी मारायचीत का तुला? काय वाकडं केलं गं आम्ही तुझं?”

लांबोडी घाबरली. एवढी मोठी, पण घाबरली. अंग चोरून खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “माझ्या पोरीचा वाढदिवस आहे परवा. तुम्ही यावं म्हणून केलं.”

बाळाक्कानं फुलांच्या माळा बघितल्या. पत्रावळींचा ढीग बघितला. लांबोडीच्या पायाआडून डोकावणारी गुंजा बघितली. कपाळाला हात लावला आणि मटकन खाली बसली.

“अगं वेडाबाई, चूल विझवून कुणी बोलावतं का? आधी बोलावतात, मग ज्याची त्याची चूल ज्यानं त्यानं बंद ठेवायची असते. अक्षत द्यावी लागते. घरोघर जायचं, उंबऱ्यावर कुंकवाचे तांदूळ ठेवायचे आणि म्हणायचं, आमच्याकडं या.”

“मला बघून घाबरतील सगळे.”

“घाबरतील. तरी जायचं. आपण डोंगरावर बसून हाका मारल्या तर कोण येईल? मी तांदूळ देते, उद्या ये खाली. आणि आधी विस्तव दे इकडं, पोरं उपाशी आहेत.”

तिसऱ्या दिवशी लांबोडी खाली उतरली. उभ्यानं नाही बरं का. गुडघ्यांवर रांगत आली, कुणावर सावली पडू नये म्हणून. बाळाक्कानं तिला मूठभर अक्षता दिल्या. तिच्या हातावर त्या दिसतसुद्धा नव्हत्या.

पहिलं दार, बंद. तिनं नखावर चार दाणे घेतले, श्वास रोखून धरला आणि उंबऱ्यावर ठेवले, एकाशेजारी एक. “माझ्या गुंजाचा वाढदिवस आहे उद्या दुपारी. या,” म्हणाली, अगदी कुजबुजत. दुसरं दार, बंद. तिसरं, बंद. कडी सरकवल्याचा आवाज तेवढा यायचा. बाळाक्काचं सोडून बाकी एकवीस दारांशी ती तेच बोलली, आणि एकही दार उघडलं नाही. एका घरातून आई पोराला सांगत होती, “गप बस, नाहीतर ती तुला नेईल.” लांबोडीनं ते ऐकलं. तरी तिथंही तिनं दाणे नीट ठेवले.

परत जाताना तिला वाट दिसेना, इतके डोळे भरले होते. वर आल्यावर गुंजानं विचारलं, “येणार का गं सगळे?”

“येतील,” लांबोडी म्हणाली. “पण मी नसेन हं पंगतीत. मला काम आहे.”

कसलं आलंय काम! मला बघून त्यांनी दारं लावली, मी दिसले तर पोरं वाटेतूनच पळतील, एवढंच तिच्या मनात होतं. पोरीची पंगत आपल्यामुळं मोडायला नको.

पुनव उजाडली. सकाळी खीर शिजली. गुंजाला न्हाऊमाखू घातलं. आणि लांबोडी जाऊन बसली मोठ्या खडकाच्या मागं. गुडघे पोटाशी घेतले, मान खाली घातली, जमेल तेवढी लहान झाली. ऊन वर चढलं. कुणाची चाहूल नाही. माळांची फुलं सुकायला लागली. पलीकडं गुंजा एकटी पानं सारखी करत होती. त्याचा आवाज येत होता आणि लांबोडीच्या काळजाला घरं पडत होती.

इकडं गावात काय चाललं होतं? सकाळी दारं उघडली तर प्रत्येक उंबऱ्यावर चार लाल दाणे. आता चिंचवळची रीत अशी, की वैऱ्याची अक्षत आली तरी घरातलं एक माणूस जायचंच. अक्षत माघारी फिरवायची नाही. बाप्ये म्हणाले, हे भलतंच! बाळाक्का म्हणाली, “रीत आहे की नाही सांगा. मी निघाले.” तिच्यामागं पाटलीणबाई निघाल्या. आणि खीर म्हटल्यावर पोरं कुठली घरी राहतात? घरटी एक ठरलं होतं, निघाली चाळीस.

लांबोडीला आधी पोरांचा गलका ऐकू आला. मग हसणं. मग पत्रावळींवर बसायची भांडणं. तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच बसून ऐकत राहिली. गुंजा हसत होती, असं ती आधी कधी हसली नव्हती. ते ऐकून लांबोडीला आनंदही झाला आणि रडूही आलं. ती मनात म्हणाली, झालं, गेली माझी पोर.

बाळाक्कानं गुंजाला पाटावर बसवलं. ताम्हण घेतलं, दिवा लावला. मग इकडंतिकडं बघून म्हणाली, “आणि हिची आई कुठाय? आधी आईनं ओवाळायचं असतं.”

खडकाआड लांबोडीनं श्वास रोखला. इथं एवढ्या साऱ्या बायका आहेत, मऊ हाताच्या. आता पोर कुणाकडं बघते?

गुंजा खणखणीत आवाजात म्हणाली, “ती काय माझी आई. त्या खडकाच्या मागं. केस दिसतायत बघा तिचे.”

चाळीस पोरांनी माना वळवल्या. बाळाक्का ओरडली, “अगं ए! लपतेस काय? पोर पाटावर ताटकळलीय. ये लवकर!”

लांबोडी आली. गुडघ्यांवर रांगत, मान खाली घालून आली. दोन पोरं रडली, एक पाटलीणबाईंच्या पदरात शिरलं. पण पळालं कुणी नाही, कारण खीर अजून वाढायची होती. बाळाक्कानं ताम्हण तिच्या दोन नखांत दिलं. तिला ते फिरवता येईना! बाळाक्कानं तिचं नख धरलं आणि तीनदा फिरवलं. लांबोडीच्या डोळ्यातून घागरीएवढा थेंब ओघळला, तशी बाळाक्कानं झटकन दिवा बाजूला ओढला. “रडतेस काय, दिवा विझवशील! एकदा चुली विझवल्यास तेवढं पुरे!” आणि मग जो हशा पिकला! रडणारी पोरंसुद्धा हसली.

खीर वाढली. पोटं फुटेस्तोवर खाल्ली. निघताना पोरं म्हणाली, “गुंजे, उद्या खेळायला ये खाली.” गुंजानं आईकडं बघितलं. लांबोडीला तिला सोडवेना. पण ती म्हणाली, “जा बाळ.”

दुसऱ्या दिवशी गुंजा गेली. लांबोडी दिवसभर कड्यावर बसली. जेवलीसुद्धा नाही. तिला वाटत होतं, आता कशाला येते ही परत? ऊन कललं. गावातल्या आया पोरांना हाका मारायला लागल्या, एकेक पोर आपापल्या घरात शिरलं. शेवटी अंगणात एकटी गुंजा उरली. पाटलीणबाईंनी तिला हाक मारली, तीही लांबोडीनं ऐकली. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

थोड्या वेळानं तिच्या करंगळीला कुणीतरी ओढलं. घामानं भिजलेली, गुडघे फोडून घेतलेली, धापा टाकणारी पोर समोर उभी.

“आये, भूक लागली,” गुंजा म्हणाली. “काय केलंयस?”

मग त्या दोघी जेवल्या. आणि तेव्हापासून चिंचवळात दारं उघडी राहिली, डोंगरावर पोरं जायला लागली, आणि सगळी सुखानं राहिली. लांबोडी आता मोकळेपणी शिंकते, कुणी कडी लावत नाही. चला, त्यांचं जेवण झालं, आपलंही झालंय. शिऱ्या, डोळे मीट. नमे, तूही मीट, मला दिसतंय. मी आहे इथंच.