दांड्यावरच्या तीन गाठी

काही वर्षांपूर्वीची एक सोमवारची सकाळ. सूर्य उगवून दोन घटका झाल्या होत्या. महादेवाच्या डोंगराच्या पायथ्याशी एक डोली उभी होती. तिथून देवळापर्यंत सातशे पायऱ्या. डोली वाहणारे भोई दोन, आणि डोलीच्या दांड्याला काळ्या दोऱ्याच्या गाठीही दोन.

डोलीत बसायला आले ते गावचे शास्त्रीबुवा. माणूस विद्वान, बोलणं रोखठोक, गुडघे मात्र कामातून गेलेले. दर सोमवारी ते नदीच्या पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन वर जात आणि देवाला अभिषेक करत. पायथ्याला वीस डोल्या असल्या तरी ते ह्याच दोघांना हाक मारत. कारण ह्यांच्या डोलीत तांब्यातला थेंब सांडत नसे.

"माझे नंदी आले का रे?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"आले की बुवा," मागचा भोई म्हणाला. "एक पुढे, एक मागे. शिंगं तेवढी घरी ठेवलीत."

पुढच्या भोयाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पुढचा वयाने मोठा आणि मोजकं बोलणारा. मागचा त्याचा मेहुणा, तोंडाचा फाटका. दोघांनी दांडा खांद्यावर घेतला.

डोलीचं भाडं चार आणे. ते पायथ्याला डोल्यांच्या मक्तेदाराच्या पेटीत पडे. वर पोचल्यावर शेवटच्या पायरीवर डोलीतला माणूस भोयांच्या हातावर आपल्या मनाने काही ठेवी, त्याला खुशी म्हणत. खुशीची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सोनार चार माणसं बघत असल्याशिवाय देत नसे. वाण्याची बायको पदराआडून देई आणि नवऱ्याला सांगत नसे. एक जमीनदार नाणं पायरीवर टाकी आणि भोई वाकून उचलतो का ते बघत उभा राही. शास्त्रीबुवा काहीच देत नसत. विसरून नव्हे, कंजुषीनेही नव्हे. त्यांचं तसं मतच होतं. न्हावी, कोष्टी, गुरवापासून सगळ्या गावाला ते पाठ होतं.

"ठरलेलं भाडं दिलं की व्यवहार संपला," ते सांगत. "वर आणखी देणं ही देणाऱ्याची मिजास आणि घेणाऱ्याची लाचारी. कष्टकऱ्याला मजुरी द्यावी, भीक देऊ नये."

मत वाईट नव्हतं. पण शास्त्रीबुवांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. भाड्यातली दमडीही भोयांना मिळत नसे. खुशी हीच त्यांची मजुरी. शिवाय मक्तेदाराने ह्याच महिन्यापासून नियम केला होता, की ज्या फेरीला खुशी मिळाली नाही, ती फेरी वाईट झाली असं समजायचं. वर बसलेला कारकून मग दांड्याला काळी गाठ मारी. एका महिन्यात तीन गाठी झाल्या की दांडा जप्त. दांडा नाही तर काम नाही. आणि ह्यातलं अवाक्षरही गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. सांगणं म्हणजे मागणं, आणि मागणाऱ्याचा दांडा त्याच दिवशी जाई.

चारशे पायऱ्यांवर एक अवघड वळण होतं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. तिथे भोई आडवे चालत, म्हणजे बसणाऱ्याला दरी दिसत नसे. वळण संपल्यावर ते श्वास घ्यायला थांबले. शास्त्रीबुवांची नजर गाठींवर गेली.

"हे बरं केलंत. एवढी चांगली डोली, दृष्ट लागायला नको."

"दृष्ट लागलीच आहे बुवा," मागचा म्हणाला. "दर सोमवारी लागते."

"म्हणजे?"

"काही नाही," पुढचा मध्येच बोलला. "त्याला बडबडायची सवय आहे."

डोली पुन्हा उचलल्यावर मागचा हळूच म्हणाला, "दाजी, सांगून टाकू का? शहाणा माणूस आहे, कळेल त्याला."

"सांगितलंस तर आज दांडा जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर त्याच्या मनात आलं तर राहील."

वर पोचल्यावर त्यांनी डोली अशी टेकवली की तांब्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. शास्त्रीबुवांचं मन भरून आलं.

"तुमच्यासारखे भोई ह्या डोंगरावर दुसरे नाहीत," ते म्हणाले. "म्हणूनच तुम्हाला खुशी देऊन मी तुमचा अपमान करणार नाही. मान ताठ ठेवा."

एवढं बोलून ते देवळात गेले. कारकुनाने तिसऱ्या गाठीसाठी दोरा तोडला.

पुढच्या सोमवारी शास्त्रीबुवांनी हाक मारली, पण नंदी आले नाहीत. दोन नवे भोई पुढे झाले. वळणावर डोली अशी हिंदकळली की अर्धा तांब्या शास्त्रीबुवांच्या धोतरावर सांडला.

"अरे, माझे नेहमीचे कुठे गेले?" ते ओरडले.

नवे भोई एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एक म्हणाला, "त्यांचा दांडा गेला."

"कशाने?"

"बुवा, तुम्हीच विचारलंत म्हणून सांगतो. माझं नाव घेऊ नका." आणि त्याने गाठींचं सगळं सांगितलं.

शास्त्रीबुवांनी डोली तिथेच थांबवली. नव्या भोयांच्या हातावर खुशी ठेवली, आयुष्यात पहिल्यांदाच. उरलेलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि चारशे पायऱ्या कण्हत कण्हत उतरून ते खाली आले.

जुन्या जोडीतला पुढचा भोई त्यांना गावाबाहेरच्या चुन्याच्या भट्टीवर सापडला. डोक्यावर पाटी, भुवयांपर्यंत पांढरा. मेहुणा पोट भरायला परमुलखात गेला होता. शास्त्रीबुवांनी कमरेची पिशवी सोडून पुढे केली.

"हे घे."

"कशाचे?"

"खुशी समज. सगळ्या सोमवारांची."

भोयाने पाटी खाली ठेवली नाही. "बुवा, आज तुम्ही चालत आलात. मी काय वाहिलं?"

"अरे, चूक झाली माझी. मला ठाऊक नव्हतं!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

शास्त्रीबुवांनी पुढे केलेली पिशवी खाली घेतली.

"तुमचं मत चुकीचं नव्हतं," भोई म्हणाला. "कष्टाला मजुरी असावी, भीक असू नये. मलाही तेच वाटतं. पण ते तुम्ही मला ऐकवत होतात. मजुरी ज्याने द्यायची, त्याला कधी ऐकवलंत?"

"नाही."

"मग मला काही द्यायचंच असेल तर तेवढं त्याला ऐकवा. ती पिशवी ठेवा."

त्याच दिवशी दुपारच्या आरतीला देवळाचं अंगण भरलं होतं. मक्तेदार नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेत, गालिच्यावर. पुन्हा डोली करून वर आलेले शास्त्रीबुवा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"शेठजी, डोलीचं भाडं चार आणे. त्यातलं भोयाला किती मिळतं?"

"या बुवा, बसा. गुडघे दुखत असतील."

"किती मिळतं?"

मक्तेदार हसला. "त्यांना खुशी मिळते. लोक उदार आहेत. काम चांगलं असलं की मिळतेच."

"माझ्या भोयांचं काम वाईट होतं?"

"मला काय ठाऊक? मी डोलीत बसत नाही. मी कुणाला काढतही नाही, बुवा. गाठी काढतात. आणि गाठी पडतात त्या गिऱ्हाइकाच्या मर्जीने." मग तो लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "खुशी देऊ नका म्हणून गावभर सांगत कोण फिरत होतं? मी, की हे बुवा?"

अंगणात हशा पिकला. सोनार म्हणाला, "आम्ही तर देतो बुवा. सगळ्यांनी पाहिलंय."

शास्त्रीबुवांचा चेहरा लाल झाला, पण ते हलले नाहीत.

"खरं आहे," ते म्हणाले. "त्या तिन्ही गाठी माझ्या. मी तत्त्व पाळलं आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. हे मी देवासमोर कबूल करतो. आता तुम्ही बोला. गाठीला हात नसतात. दांडा काढून घेणारा हात कुणाचा? आणि ते चार आणे जातात कुठे?"

हशा थांबला. कारकून हातातला दोरा पाठीमागे लपवू लागला. मक्तेदाराने तोंड उघडलं, तेवढ्यात पुजाऱ्याने शंख फुंकला. सगळे उठून उभे राहिले, टाळ्या वाजवू लागले. आरती संपली तेव्हा गालिच्यावर कुणी नव्हतं.

त्यानंतर शास्त्रीबुवा दर सोमवारी डोलीने वर जात. शेवटच्या पायरीवर भोयांच्या हातात हात देऊन खुशी देत. मत मात्र त्यांनी सोडलं नाही. खुशी दिली की ते त्याच पायरीवर उभं राहून मोठ्याने विचारत, "चार आण्यांतलं भोयाला किती?" पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी वाण्याची बायको त्यांच्या शेजारी उभी राहून विचारू लागली. पाचव्या वर्षी अर्धं गाव विचारू लागलं. सोनार अजून नुसती खुशी देतो, चार माणसं बघत असताना.

तात्पर्य म्हणून मुलांना सांगायचं ते एवढंच: मत आपलं असेल तर त्याचं ओझंही आपल्याच खांद्यावर घ्यावं, आणि जाब विचारायचा तर देणेकऱ्याला विचारावा, ओझं वाहणाऱ्याला नव्हे.

बाकी, मक्तेदाराच्या पडवीत तीन-तीन काळ्या गाठींचे एकोणीस दांडे आजही भिंतीला टेकून उभे आहेत. भाडं आता सहा आणे झालं आहे. त्यातलं भोयाला किती मिळतं, हे कुणीही सांगितलेलं नाही.