चेअरमनसाहेबांच्या गाडीतला आवाज

आता तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या शनिवारी मी स्वतः बाजारात होतो.

आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन धैर्यशीलराव यांनी लालभडक स्पोर्ट्स सेडान घेतली आणि थेट अस्लम तांबोळीच्या दुकानापुढं उभी केली. दुकानाचा गाळा चेअरमनसाहेबांच्याच मालकीचा.

"अस्लम, अशी म्युझिक सिस्टीम बसव, की मी आलो हे सगळ्या पेठेला कळलं पाहिजे. पण मागं आमच्या आईसाहेब बसतात. त्यांची झोप मोडता कामा नये. जमत नसेल तर गाळा खाली कर."

"जमवू की, साहेब."

अस्लमनं डिकीत रांजणाएवढे वूफर बसवले, दारांत स्पीकर कोंबले. शनिवारी भरबाजारात आईसाहेबांना मागच्या सीटवर बसवलं आणि बटण दाबलं.

"सभासद बंधू-भगिनींनो..."

कारखान्याच्या वार्षिक सभेतलं चेअरमनसाहेबांचंच भाषण! चहाच्या टपरीवरच्या बशा नाचल्या, कोथिंबिरीच्या जुड्या आपोआप सुटल्या. पेठ म्हणाली, "चेअरमन आले वाटतं."

धैर्यशीलरावांनी मिशीवर ताव दिला आणि मागं वळून पाहिलं. आईसाहेब चक्क घोरत होत्या.

"अरे, सुई पडली तरी जाग्या होतात त्या. ही युक्ती तुला सुचली कशी?"

"सभेत पहिल्या रांगेतल्या संचालकांकडं बघून सुचली, साहेब," अस्लम अदबीनं म्हणाला.

धैर्यशीलरावांनी खाडकन बटण बंद केलं.

तशा आईसाहेब दचकून जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "संपलं का रे एकदाचं?"

गाळा अजून अस्लमकडंच आहे.